आकडा कुठून आला?

२५ मे २०२५, रविवार. सातारा

आजच्या बैठकीत माझ्याकडे काम आलं. शेअर निवडताना मदत करणारी एखादी माहितीसेवा अभ्यासगटासाठी वर्षभर घ्यावी का, आणि घ्यायची तर कोणती, याचा अहवाल जुलैच्या पहिल्या रविवारी द्यायचा. गटात शिक्षक आहेत, बँकेतून निवृत्त झालेले साहेब आहेत, औषधांचं दुकान चालवणारे मामा आहेत, एक वहिनी कृषी सेवा केंद्र सांभाळतात. सगळ्यांचा पैसा घामाचा, आणि सगळ्यांच्या फोनमध्ये वेगवेगळी ॲप. आज आयटीसीवर बोलणं चाललं होतं. एकाच्या फोनवर तिचा पी-ई १५, दुसऱ्याच्या फोनवर २६. मग कंपनीचा धंदा बाजूला राहिला आणि कुणाचं ॲप खरं यावरच तास गेला.

चाळणी लागतेच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. बीएसईवर पाच हजारांहून जास्त कंपन्या नोंदलेल्या आहेत. नोकरी-धंदा सांभाळून त्यातले पन्नास ताळेबंद वाचणंही कठीण. तेव्हा यंत्राने आधी निवडून द्यावं आणि माणसाने मग वाचावं, हे बरोबरच आहे. पण चाळणीचं पहिलं काम वगळण्याचं असतं, आणि सगळी जोखीम तिथेच आहे. चुकीच्या आकड्यामुळे वाईट कंपनी यादीत शिरली तर आपण ती निदान उघडून बघतो, चूक हाती लागते. चुकीच्या आकड्यामुळे चांगली कंपनी गळली तर ते कधीच कळत नाही. म्हणून ‘पाचशे निकष’, ‘हजार गुणोत्तरं’ या जाहिरातींकडे मी बघणार नाही. एक आकडा घेईन आणि तो कुठून आला ते विचारीन.

२८ मे, बुधवार

पाऊस यंदा मे महिन्यातच आला. घरात बसून काम करायला बरं.

पद्धत ठरवली. सरळ कंपन्यांवर सगळ्याच सेवा बरोबर असतात, त्यामुळे तिथे परीक्षा होत नाही. ज्यांच्या हिशेबात गेल्या दोन-तीन वर्षांत काही अवघड घडलं आहे अशा कंपन्या निवडायच्या, त्यांचे निकाल स्वतः वाचून ठेवायचे आणि मग प्रत्येक सेवेने त्यांचं काय केलं ते बघायचं. सेवांना वहीत अ, आ, इ, ई अशी अक्षरं दिली आहेत. नावाने लिहिलं की गटात पुन्हा माझं ॲप, तुझं ॲप सुरू होईल.

पहिली अर्थातच आयटीसी. जानेवारीत तिचा हॉटेलांचा व्यवसाय वेगळा झाला. आयटीसीच्या दर दहा शेअरमागे आयटीसी हॉटेल्सचा एक मिळाला आणि सुमारे ४० टक्के हिस्सा मूळ कंपनीने स्वतःकडे ठेवला. हिशेबाच्या नियमाप्रमाणे असा व्यवसाय वेगळा करताना तो वाजवी मूल्याने मोजतात आणि पुस्तकातल्या किमतीपेक्षा ते मूल्य जास्त असेल तर फरक नफ्यात येतो. तो फरक १५ हजार कोटींच्या आसपास निघाला आणि २२ मे रोजी जाहीर झालेल्या मार्च तिमाहीच्या निकालात बसला. पैसा आला नाही, सिगारेट किंवा आटा जास्त विकला गेला नाही, तरी वर्षाचा नफा सुमारे २० हजार कोटींवरून ३५ हजार कोटींवर गेला.

शेअर साधारण साडेबाराशे कोटी आहेत. ३५ हजार कोटींना भागलं तर शेअरमागे नफा २८ रुपये, आणि सव्वाचारशेच्या आसपासच्या भावाला पी-ई १५. तो एकदाच आलेला फरक काढला तर शेअरमागे १६ रुपये आणि पी-ई २६. रविवारचे दोन्ही फोन आपापल्या जागी बरोबर होते. एकाने निकालपत्रातली शेवटची ओळ उचलली होती, दुसऱ्याने चालू व्यवसायाचाच नफा धरला होता. यापैकी काय धरलं आहे हे त्या पडद्यावर कुठेतरी लिहिलेलं असावं, एवढीच माझी अपेक्षा आहे. चारपैकी एकाच सेवेत आकड्यावर बोट ठेवल्यावर सूत्र दिसलं.

‘पी-ई २० पेक्षा कमी’ अशी चाळणी आज कुणी लावली तर आयटीसी त्यात अलगद येईल. आणि पुढच्या वर्षी जानेवारी-मार्चचे निकाल लागेपर्यंत ती मागच्या चार तिमाहींच्या हिशेबात येतच राहील.

३० मे, शुक्रवार

आज वार्षिक निकालांचा शेवटचा दिवस. सेबीच्या नियमाप्रमाणे तिमाही निकाल ४५ दिवसांत आणि वर्षाचे ६० दिवसांत द्यावे लागतात, त्यामुळे आज रात्री उशिरापर्यंत छोट्या कंपन्यांचे कागद बाजारांच्या संकेतस्थळांवर येत राहतील. काही स्वच्छ, काही तिरके स्कॅन केलेले, शिक्के मारलेले, फिकट.

हा कागद आपल्या फोनवर आकडा होऊन पोचतो तो कसा, हे गटाला सांगायला हवं. कंपनी निकाल बाजाराकडे पाठवते, पीडीएफच्या रूपात आणि संगणकाला वाचता येईल अशा एक्सबीआरएल रूपातही. माहिती पुरवणाऱ्या मोजक्या संस्था ते गोळा करून ठरावीक रकान्यांत बसवतात. आपण वापरतो ती बहुतेक ॲप हा माल त्यांच्याकडून घेतात आणि त्यावर स्वतःची सूत्रं आणि रंग चढवतात. स्क्रीनर या संकेतस्थळाच्या तळाशी ‘माहिती सी-मॉट्सकडून’ अशी नोंद उघड दिसते, आणि तिमाही निकालांच्या तक्त्याखाली प्रत्येक तिमाहीच्या मूळ पीडीएफचा दुवा असतो. मला या दोन गोष्टींचं मोल फार वाटतं. आकड्यावरून कागदावर एका टिचकीत जाता आलं पाहिजे.

मोठ्या संस्थांच्या सेवाही बघून ठेवल्या. सीएमआयईची प्रोवेस, कॅपिटालाइन. यांच्यात खोली आहे, संशोधक त्यावर प्रबंध लिहितात. पण त्या विद्यापीठं, दलाली पेढ्या आणि बँका यांच्यासाठी आहेत. आमच्या गटाचा तो आवाका नाही आणि तेवढी गरजही नाही.

१ जून, रविवार

नेस्ले इंडिया. गटातल्या अर्ध्या लोकांकडे हिचे थोडे का होईना शेअर आहेत.

ही कंपनी वर्षानुवर्षं जानेवारी ते डिसेंबर असा हिशेब ठेवायची. मग एप्रिल-मार्चवर यायचं ठरलं आणि मधलं एक ‘वर्ष’ १५ महिन्यांचं झालं, जानेवारी २०२३ ते मार्च २०२४. त्या १५ महिन्यांची विक्री २४,४०० कोटींच्या आसपास. पुढच्या १२ महिन्यांची, म्हणजे मार्च २०२५ अखेर, २०,२०० कोटींच्या आसपास. शेजारी-शेजारी ठेवले तर विक्री १७ टक्के घसरली! मॅगी आणि कॉफी विकणाऱ्या कंपनीची विक्री एका वर्षात १७ टक्के घसरली असती तर ती पहिल्या पानाची बातमी झाली असती. १५ महिन्यांचे १२ करून बघितले की साडेएकोणीस हजार कोटी येतात आणि वाढ साडेतीन टक्क्यांच्या आसपास निघते. फार नाही, पण वाढच.

‘अ’ने सरळ उणे १७ दाखवलं. त्यामुळे ‘विक्रीवाढ शून्यापेक्षा जास्त’ ही साधी चाळणी लावली तरी नेस्ले गळते. ‘आ’ने त्या स्तंभावर ‘१५ महिने’ असं लिहिलं आहे, मात्र वाढीचं गणित तसंच ठेवलंय. ‘इ’ने तिमाह्या जोडून स्वतंत्र १२ महिने तयार केलेत, ही मेहनतीची गोष्ट आहे. ‘ई’मध्ये तो काळच नाही. डिसेंबर २०२२ वरून एकदम मार्च २०२५.

आणखी एक. जानेवारी २०२४ मध्ये नेस्लेने दहा रुपये दर्शनी मूल्याच्या एका शेअरचे एक रुपयाचे दहा केले. दर्शनी मूल्य बदललं की शेअरचा आयएसआयएन, म्हणजे त्याचा बारा अक्षरांचा ओळखक्रमांक, बदलतो. जुना आणि नवा क्रमांक जोडायचं राहिलं की भावाचा इतिहास मधेच तुटतो. ‘ई’चा आलेख जानेवारी २०२४ पासूनच सुरू होतो, जणू कंपनी तेव्हाच बाजारात आली.

४ जून, बुधवार

आज दिवसभर भागाकार आणि रिकाम्या जागा.

आधी भागाकार. एका लहान कंपनीला गेल्या वर्षी ५ कोटींचा तोटा झाला, यंदा १० कोटींचा. वाढीचं नेहमीचं सूत्र लावा: नव्यातून जुनं वजा करा, जुन्याने भागा. उणे १० मधून उणे ५ गेले की उणे ५ उरतात. त्याला उणे ५ ने भागलं की एक, म्हणजे १०० टक्के. तोटा दुप्पट झाला आणि पडद्यावर ‘नफावाढ १०० टक्के’, हिरव्या रंगात. आणि जी कंपनी १० कोटींच्या तोट्यातून ५ कोटींच्या नफ्यात आली ती उणे १५० टक्के, लाल. जुना आकडा ऋण असेल तर वाढीचा रकाना मोकळा ठेवायला हवा. दोन सेवा तसं करतात. दोन करत नाहीत, आणि त्यातल्या एकीची ‘वेगाने वाढणाऱ्या कंपन्या’ ही तयार यादी या गणितावर उभी आहे. तिथे तोट्यातल्या कंपन्या वरच्या पानावर बघून मला राग आला. कुणीतरी त्या यादीवर विसंबून मुलीच्या शिक्षणाचे पैसे लावत असेल.

मग रिकाम्या जागा. प्रवर्तकांनी किती शेअर तारण ठेवलेत हे भागधारणेच्या तक्त्यात येतं, तिमाही संपल्यावर २१ दिवसांत. कंपनीने तो दिलाच नसेल तर रकाना मोकळा असायला हवा. काही ठिकाणी तिथे शून्य बसतं. मग ‘तारण शून्य’ या चाळणीतून दोन प्रकारच्या कंपन्या हातात हात घालून बाहेर पडतात: ज्यांचं तारण खरोखर नाही त्या, आणि ज्यांनी कागदच दिला नाही त्या. दुसऱ्या प्रकारच्या कंपन्यांपासूनच तर आपल्याला लांब राहायचं असतं.

कर्जाचंही विचारून घेतलं पाहिजे. १ एप्रिल २०१९ पासून भाडेकरारांची देणी ताळेबंदात येतात. इंडिगो चालवणाऱ्या इंटरग्लोबसारख्या विमान कंपनीच्या कर्जात मोठा वाटा विमानांच्या भाडेकरारांचाच. ते कर्जात धरलं की नाही यावर कर्ज-भांडवल गुणोत्तर कुठल्या कुठे जातं. दोन्ही बाजूंनी बोलता येईल. माझं मत: धरावं, पण वेगळ्या ओळीत दाखवावं.

८ जून, रविवार

बैठकीत निम्मा अहवाल वाचून दाखवला. बँकेचे साहेब शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, “ताई, तुमच्या चाळणीत आमच्या बँका कधीच येणार नाहीत.”

खरं आहे. ‘कर्ज भांडवलापेक्षा कमी’ असं लिहिलं की देशातली प्रत्येक बँक बाहेर. ठेवी हाच बँकेचा कच्चा माल, आणि तो देण्याच्या बाजूला बसतो. बँकेला माल-साठा नाही, घसारा आणि व्याजापूर्वीचा नफा हा आकडा तिथे निरर्थक आहे. तिथे थकीत कर्जं, चालू-बचत ठेवींचा वाटा, व्याजातला फरक हे बघावं लागतं. साहेबांनी फळ्यावर चार रकाने आखून दिले. बँकांसाठी वेगळी चाळणी ज्या सेवेत करता येत नाही ती बाद, हे सर्वानुमते ठरलं.

त्यांनीच एचडीएफसी बँकेचं उदाहरण काढलं. १ जुलै २०२३ रोजी एचडीएफसी लिमिटेड बँकेत विलीन झाली आणि मार्च २०२४ अखेरची कर्जं आदल्या वर्षीपेक्षा ५५ टक्क्यांनी जास्त दिसली. त्यात गृहकर्जांचा जुना डोंगर आलेला होता. बँकेने स्वतःच्या निवेदनात विलीनीकरण वगळून वाढ वेगळी सांगितली होती. कोणत्याही सेवेच्या तक्त्यात ती नाही, असणारही नाही, कारण ती रकान्यात बसत नाही. तिच्यासाठी निवेदन वाचावं लागतं.

मामांनी महाराष्ट्र स्कूटर्सचा विषय काढला. साताऱ्यात तो निघणारच. इथल्या कारखान्यात प्रिया स्कूटर तयार व्हायची, मामांच्या थोरल्या भावाने तिथे नोकरी केली. स्कूटर बंद होऊन जमाना झाला, पण शेअर जिवंत आहे आणि ‘भाव पुस्तकी किमतीपेक्षा कमी’ या चाळणीत ही कंपनी हमखास वर येते. कारण आता ती मुख्यतः बजाज समूहातल्या कंपन्यांचे शेअर बाळगणारी कंपनी आहे. ते शेअर बाजारमूल्याने ताळेबंदात दिसतात, तिचा स्वतःचा भाव मात्र त्याच्या बराच खाली असतो. जवळजवळ सगळ्याच धारक कंपन्यांचं असं असतं, कारण ते शेअर विकून पैसा भागधारकाच्या हातात पडेल अशी खात्री नसते. मामा विचारत होते, “मग हा स्वस्त की नाही?” मी म्हटलं, स्वस्त-महाग नंतर बघू, आधी हिला कारखान्यांच्या ओळीतून काढून धारक कंपन्यांच्या ओळीत बसवणारी सेवा शोधू. दोन सेवांत ती अजून वाहन उद्योगात आहे.

११ जून, बुधवार

गुणांकाबद्दल. जोसेफ पिओत्रोस्की यांनी २००० साली नऊ प्रश्नांची एक कसोटी मांडली. प्रत्येक प्रश्नाला होय असेल तर एक गुण, नाही तर शून्य. नफा आहे का, व्यवसायातून रोख येते का, ती नफ्यापेक्षा जास्त आहे का, दीर्घ मुदतीचं कर्ज कमी झालं का वगैरे. मला ही कसोटी आवडते, कारण नऊही प्रश्न हाताने तपासता येतात. एक प्रश्न असा: कंपनीने नवे शेअर काढणं टाळलं का? विचार रास्त आहे, पैशाची चणचण असलेली कंपनी शेअर विकते.

विप्रोने डिसेंबर २०२४ मध्ये एकास एक बोनस दिला, शेअरची संख्या दुप्पट झाली. बोनसमध्ये कुणाकडूनही पैसा घेतला जात नाही. ‘अ’ने शेअरसंख्या वाढलेली बघून शून्य दिला. हाताने मोजलं म्हणून दिसलं. आणि जिथे ‘आमचा विशेष गुणांक १०० पैकी ७८’ असं लिहिलेलं असतं आणि सूत्र गुपित असतं तिथे काय मोजणार? असा गुणांक मी अहवालात विचारातच घेणार नाही.

१६ जून, सोमवार

आज परीक्षा आपोआप घडली. बजाज फायनान्सच्या शेअरचं दोन रुपयांवरून एक रुपयावर विभाजन आणि वर एकास चार बोनस, दोन्हींची नोंद-तारीख आजची. एकाचे दोन, आणि त्या प्रत्येकावर चार, म्हणजे एकाचे दहा. शुक्रवारी नऊ हजारांच्या वर बंद झालेला भाव आज नऊशेच्या वर उघडला. भागधारकाचं काही गेलं नाही.

सव्वानऊपासून चारही सेवा उघडून बसले होते. ‘आ’ आणि ‘इ’ने पहिल्या मिनिटापासून जुने भाव दहाने भागून दाखवले. ‘ई’ने ९० टक्के घसरण आणि ‘५२ आठवड्यांचा नीचांक’ असा इशारा फोनवर पाठवला. वहिनींचा लगेच फोन आला, आवाज कापरा. “ताई, बजाज फायनान्सला काय झालं हो?” त्यांना समजावून सांगितलं, डीमॅटमध्ये नवे शेअर जमा व्हायला थोडा वेळ लागेल तोवर खात्यावरची एकूण रक्कम कमी दिसेल हेही सांगितलं. त्यांनी विकलं नाही. पण असा इशारा बघून आज किती जणांनी घाबरून विकायला घेतलं असेल?

‘अ’चा घोटाळा जास्त धोक्याचा, कारण तो शांत आहे. भाव बरोबर दहावा झाला, मात्र शेअरमागचा वार्षिक नफा जुनाच राहिला, २७० रुपयांच्या आसपास. नऊशे पस्तीसला दोनशे सत्तरने भागलं की पी-ई साडेतीन. कालपर्यंत ३५ होता. देशातली इतकी मोठी वित्तकंपनी साडेतीनच्या पी-ईला! संध्याकाळी ‘अ’वर ‘सर्वांत स्वस्त मोठ्या कंपन्या’ ही यादी उघडली तर बजाज फायनान्स पहिली. बाजाराच्या संकेतस्थळावर रोजची भावकॉपी फुकट मिळते आणि अशा नोंद-तारखांची यादी आधीपासून लावलेली असते. हा निर्णय तर एप्रिलच्या अखेरीसच जाहीर झाला होता. दीड महिना हातात होता.

दोघांनाही लिहिलं. कागद जोडले, गणित जोडलं. उत्तर किती तासांत येतं आणि कोण देतं हेही परीक्षेत धरणार आहे.

२१ जून, शनिवार

‘ई’कडून यंत्राने पाठवलेलं आभाराचं पत्र आलं. ‘अ’कडून परवा एका माणसाचा मेल: दुरुस्ती केली, आणि बोनसनंतर शेअरमागचा नफा त्याच दिवशी बदलण्याची व्यवस्था करत आहोत. तपासलं, पी-ई पुन्हा ३५ च्या आसपास. विप्रोच्या गुणाबद्दलही त्यांना कळवलं. चुका ‘अ’च्या जास्त आहेत, पण ‘अ’शी बोलता येतं. याचं वजन किती धरायचं हे ठरवायला हवं.

रात्री टाटा स्टीलचे जुने तक्ते बघत होते. मार्च २०२२ च्या वर्षात नफा ४१ हजार कोटींवर, आणि तेव्हाच्या भावाला पी-ई चारच्या आसपास. पुढच्या वर्षी नफा आठ हजार कोटी, त्यापुढच्या वर्षी जवळपास पाच हजार कोटी तोटा. इथे आकड्यात एक पैशाची चूक नाही. पोलाद, साखर, रसायनं यांत नफा शिखरावर असताना पी-ई सर्वांत कमी दिसतो. म्हणून सेवेत किमान दहा वर्षांचा इतिहास आणि सात-दहा वर्षांच्या सरासरीवर चाळणी लावायची सोय हवी. आपल्याकडे सरासरी पाऊस धरून पीक ठरवतात, एका चांगल्या सालावर नाही.

२८ जून, शनिवार

माउलींची पालखी जिल्ह्यात आहे. गटातले शिक्षक आणि वहिनी वारीला गेलेत, उद्याची बैठक नाही.

आज ‘इ’ची सर्वांत महाग सोय तपासली. तुमची चाळणी भूतकाळात लावून बघा, किती परतावा मिळाला असता ते सांगतो. आलेख देखणा येतो, वर चढत जाणारा. मी एकच गोष्ट शोधली. रोख भरपूर आणि कर्ज नगण्य अशी चाळणी २००८ सालात लावली. त्या चाळणीत सत्यम कॉम्प्युटर्स यायलाच हवी होती. सप्टेंबर २००८ च्या तिच्या पुस्तकांत रोख आणि बँकेतली शिल्लक ५,३६१ कोटी होती. ७ जानेवारी २००९ रोजी रामलिंग राजूंनी पत्र लिहून त्यातले ५,०४० कोटी अस्तित्वातच नसल्याचं कबूल केलं. ‘इ’च्या यादीत सत्यम आलीच नाही. कारण सरळ आहे: पुढे ती टेक महिंद्रात विलीन झाली, आज बाजारात नाही, आणि ‘इ’ आज नोंदलेल्या कंपन्याच मागे नेऊन मोजते. ‘इ’च्या साठ्यात डीएचएफएलही नाही. २०२१ मध्ये तिचे शेअर बाजारातून गेले, भागधारकांना काही मिळालं नाही. ज्या बुडाल्या त्या सगळ्या मोजणीतून आधीच काढल्या की आलेख वर जाणारच.

दुसरी गोष्ट तारखेची. ‘इ’ मार्चअखेरचे आकडे १ एप्रिलपासून वापरते. पण ते आकडे जगाला मे अखेरपर्यंत कळत असतात. म्हणजे त्या भूतकाळातल्या गुंतवणूकदाराला दोन महिने आधीच निकाल ठाऊक. अशा परताव्यासाठी वर्षाला इतके पैसे मागणं मला गैर वाटतं, आणि तसं मी अहवालात स्पष्ट लिहिणार आहे.

आणि सत्यममधलं दुसरं सत्य. तिची पुस्तकंच खोटी होती. तिथे कोणतीही चाळणी हरली असती.

६ जुलै, रविवार. आषाढी एकादशी

उपास असूनही बैठक भरली. अहवाल वाचला.

शिफारस अशी. रोजच्या वापरासाठी प्रत्येकाने स्वतःचं विनामूल्य खातं उघडावं, आणि ते अशा सेवेवर जिथे सूत्र लिहून चाळणी लावता येते, एकत्रित आणि स्वतंत्र ताळेबंद वेगळे दिसतात, आकड्याशेजारी मूळ कागद असतो आणि सगळा तक्ता एक्सेलमध्ये उतरवता येतो. आम्हाला लागतं त्यातलं बरंचसं फुकट मिळतं. जुना इतिहास, जास्त रकाने यांची गरज ज्याला वाटेल त्याने आपले पैसे भरून घ्यावं. ‘इ’च्या परताव्याच्या आलेखाला आणि कोणत्याही गुप्त गुणांकाला पैसे देऊ नयेत. ‘आजची खरेदी’ असे संदेश पाठवणाऱ्यांचा सेबीचा नोंदणी क्रमांक बघावा: संशोधन विश्लेषकाचा आयएनएचने सुरू होतो, गुंतवणूक सल्लागाराचा आयएनएने. क्रमांक नसेल तर संदेश पुसून टाकावा.

एक वाद झाला. औषधवाल्या मामांचं म्हणणं, एक वर्गणी घेऊ आणि पासवर्ड सगळे मिळून वापरू. मी विरोध केला. करार एका व्यक्तीच्या नावाचा असतो. कागद नीट वाचायला लावणाऱ्या गटाने तोच कागद मोडायचा, हे मला पटत नाही. मामा थोडे रुसले, मग साहेबांनी मध्ये पडून तो विषय मिटवला. जमलेल्या वर्गणीतून एक छपाईयंत्र घ्यायचं ठरलं. अंतिम यादीत आलेल्या कंपन्यांच्या वार्षिक अहवालातली रोख प्रवाहाची आणि लेखापरीक्षकाची पानं छापून दर बैठकीत मोठ्याने वाचायची. वहिनींनी पहिली कंपनी मागून घेतली.

अवघड कंपन्यांची माझी यादी गटाच्या वहीत चिकटवली आहे. तीत भर घालत राहायचं. २६ जूनला नेस्लेच्या संचालक मंडळाने एकास एक बोनस मंजूर केला आहे. भागधारकांची मंजुरी आणि नोंद-तारीख यायची आहे. त्या सकाळी चारही सेवा बघायचं काम या वेळी मामांनी घेतलंय. भाव, शेअरमागचा नफा, पी-ई आणि पिओत्रोस्कीचा तो एक गुण, असे चार रकाने आखून दिले.